'वेअर'मधला र

इंग्रजीच्या पहिल्यावहिल्या धड्यात 'आय वॉज, वुई वेअर' हे पाठ होऊन जाते आणि मग जन्मभर कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. खरे तर या दोन शब्दांपाशी थांबावे. क्रियापद 'बी', पण त्याच्या भूतकाळात 'ब' कुठेच नाही. तिथे व येतो, आणि तोही एकवचनात स घेऊन, अनेकवचनात र घेऊन. इंग्रजीतल्या इतर कोणत्याही क्रियापदाचा भूतकाळ वचनाप्रमाणे बदलत नाही. 'आय वेंट, वुई वेंट', 'आय सँग, वुई सँग'. मग इथेच हा र कुठून आला? उत्तर सुमारे अडीच हजार वर्षे मागे, इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश या सगळ्यांच्या आदिजर्मानिक पूर्वज भाषेत आहे. त्या उत्तराची किल्ली मात्र ऋग्वेदाच्या स्वरांकित पाठात सापडली.

आधी व चे पाहू, कारण ते सोपे आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण इ. स. ४५० ते ११५० या काळातल्या भाषेत, 'असणे' या अर्थासाठी तीन वेगळे धातू एकत्र नांदत होते. 'एओम' आणि 'इस' हे संस्कृत अस्मि आणि अस्ति यांचे सख्खे भाऊबंद. 'सिंदोन' म्हणजे सन्ति. 'बेओन' हा भू धातू. आणि तिसरा 'वेसन', म्हणजे वस्, राहणे. मराठीत वसणे, वस्ती, निवास, वास्तू असा ज्याचा पसारा आहे तोच हा धातू. 'राहणे'चा अर्थ झिजत झिजत नुसता 'असणे' झाला आणि भूतकाळाची सगळी जागा त्याने व्यापली. यात परके वाटावे असे काही नाही. आपलेही 'आहे' आणि 'होता' एका धातूचे नाहीत. 'होता' भू पासून, प्राकृतातल्या 'होन्त'च्या वाटेने आला. फरक इतकाच, की इंग्रजीने भूतकाळासाठी वस् घेतला आणि मराठीने भू.

आता र. जुन्या इंग्रजीतले सबल क्रियापद, म्हणजे आतला स्वर बदलून भूतकाळ करणारे क्रियापद, नीट ओळखायचे तर चार रूपे लागतात: मूळ रूप, भूतकाळ एकवचन, भूतकाळ अनेकवचन आणि भूतकालवाचक धातुसाधित. आजच्या इंग्रजीत 'सिंग, सँग, संग' अशी तीनच उरली आहेत. एकवचन आणि अनेकवचन एक होऊन गेले. अनेकवचनाचे हे वेगळे रूप हरवल्यामुळेच 'वेअर' एकाकी आणि विचित्र दिसतो. जुन्या इंग्रजीत तो एकाकी नव्हता. 'निवडणे' हे क्रियापद घ्या: चेओसन, चेआस, कुरोन, कोरेन. पहिल्या दोन रूपांत स, शेवटच्या दोनांत र. 'गोठणे': फ्रेओसन, फ्रेआस, फ्रुरोन, फ्रोरेन. 'गमावणे': फोरलेओसन, फोरलेआस, फोरलुरोन, फोरलोरेन. आणि आपले 'वेसन, वॅस, वॅरोन' अगदी याच चालीचे, 'वॅरोन'मधला ॲ तेवढा दीर्घ.

नुसते स आणि र नाहीत. 'उकळणे' हे क्रियापद सेओथन, सेआथ, सुडोन, सोडेन असे चालते. पहिल्या दोनांत घर्षक थ, म्हणजे हवा घासून निघणारा, 'थिंक'मधला, आणि पुढच्या दोनांत ड. आजच्या 'सीद' आणि 'सॉडन' या शब्दांत ती जोडी अजून दिसते, जरी 'सॉडन' म्हणजे उकळलेला असे आता कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. सगळीकडे चाल एकच: मूळ रूप आणि एकवचन एका बाजूला, अनेकवचन आणि धातुसाधित दुसऱ्या बाजूला. इतकी शिस्त योगायोगाने येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही शिस्त दिसत होती, पण कारण कळत नव्हते. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जर्मानिक व्यंजनांचा मोठा बदल मांडला होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिनमध्ये जिथे प, त, क तिथे जर्मानिकमध्ये फ, थ, ह. पाद आणि 'फूट', त्रि आणि 'थ्री', शतम् आणि 'हंड्रेड', ज्याचे लॅटिन रूप 'केंटुम' आहे. नियम चांगला होता, पण त्याला मोठे भगदाड होते. भ्रातृ चे जुन्या इंग्रजीत 'ब्रोथोर' झाले, नियमाप्रमाणे. पितृ चे मात्र 'फॅडेर' आणि मातृ चे 'मोडोर'. तिघांतही मूळ त एकच. एकाचा थ आणि दोघांचा ड का? लोटनर या अभ्यासकाने १८६२ मध्ये अशा अपवादांची वर्गवारी केली, काहींचे स्पष्टीकरणही दिले, पण ही गाठ सुटली नाही.

ती सोडवली कार्ल व्हेर्नरने. १८४६ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूस गावी जन्मलेला हा माणूस स्लाव्ह भाषांच्या स्वराघाताचा अभ्यासक होता. आघात कुठे पडतो याकडे पाहायची सवय त्याच्या नजरेला होती, आणि माझ्या मते तीच निर्णायक ठरली. जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉपचे तौलनिक व्याकरण चाळताना पितृ आणि भ्रातृ या शब्दांवरच्या आघाताच्या खुणा त्याच्या डोळ्यांत भरल्या. १८७५ मध्ये त्याने लिहिलेला तीसेक पानांचा लेख 'कून्स त्साइटश्रिफ्ट' या नियतकालिकाच्या २३व्या खंडात आला. भाषाशास्त्रात इतक्या थोड्या पानांनी इतके मोठे काम क्वचितच केले असेल.

खुणा कोणत्या, हे ऋग्वेदाची छापील संहिता उघडून कोणालाही पाहता येते. शाकल शाखेच्या, म्हणजे ऋग्वेदाच्या आज प्रचलित पाठपरंपरेच्या, लेखनात अनुदात्त, म्हणजे खालच्या सुराच्या, अक्षराखाली आडवी रेघ असते, स्वरितावर उभी रेघ असते आणि उदात्ताला काहीच खूण नसते. म्हणजे ज्याच्यावर आवाज चढतो तेच अक्षर मोकळे सोडलेले असते. नवशिका हमखास इथे फसतो आणि उभ्या रेघेलाच आघात समजतो. पि॒ता असे लिहिले असेल तर पि अनुदात्त, ता उदात्त. मा॒ता तसेच. पण भ्राता॑ लिहिले असेल तर भ्रा उदात्त, आणि ता वरची उभी रेघ म्हणजे उदात्तानंतर येणारा स्वरित. एवढ्यावर कोडे उलगडते. आघात मूळ त च्या आधीच्या अक्षरावर असेल, तर जर्मानिकमध्ये थ टिकला. नसेल, तर तो घोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपासह उच्चारलेला, झाला आणि पुढे ड बनला.

याचे सर्वांत सुंदर पुरावे आपल्या घरातल्या नात्यांत आहेत. श्वशुर शब्दाचा उदात्त पहिल्या अक्षरावर, श्वश्रू चा शेवटच्या. जुन्या उच्च जर्मनमध्ये सासरा 'स्वेहुर' आणि सासू 'स्विगार'. एकाच मूळ व्यंजनाचा सासऱ्यात ह झाला, सासूत ग. स्नुषा चा उदात्त षा वर, म्हणून जुन्या इंग्रजीत सुनेला 'स्नोरु' म्हणत, र घेऊन. आपले सासरा, सासू आणि सून हे तिन्ही शब्द थेट याच संस्कृत शब्दांतून प्राकृतमार्गे आले आहेत. त्यांच्यात आघाताचा मागमूस उरला नाही. जर्मानिकमध्येही आघात उरला नाही, पण व्यंजनात त्याचा ठसा राहिला.

व्हेर्नरचा नियम असा: फ, थ, ह, स हे अघोष घर्षक शब्दाच्या आरंभी नसतील, दोन्ही बाजूंना घोष ध्वनी असतील आणि लगेच आधीच्या अक्षरावर आघात नसेल, तर ते घोष होतात. नंतर केव्हातरी जर्मानिक भाषांत आघात सरसकट पहिल्या अक्षरावर जाऊन बसला. कारण नाहीसे झाले, परिणाम मागे राहिले. स घोष झाला की तो 'झू'मधल्या झ सारखा होतो, आणि पश्चिम व उत्तर जर्मानिकमध्ये या झ चा पुढे र झाला. लॅटिनमध्येही 'फ्लोस' चे षष्ठीचे रूप 'फ्लोरिस' होते, तेही मधल्या झ मधूनच. आणि विसर्गसंधी शिकलेल्या मराठी वाचकाला स चा र होणे नवे नाही: निः अधिक आधार निराधार, दुः अधिक गुण दुर्गुण. पाणिनीचे 'ससजुषो रुः' (८.२.६६) हे सूत्र नेमके स च्या जागी र आणते. जर्मानिकमधला र स्वतंत्रपणे घडला आहे, संस्कृतमधून गेलेला नाही. पण घोष ध्वनींच्या शेजारी स चा र होण्याची ओढ दोन्हीकडे सारखीच.

आघातामुळे असे का व्हावे, हे तोंडाने करून बघता येते. इंग्रजीत 'एक्सिक्यूट' म्हणताना आघात पहिल्या अक्षरावर असतो आणि मधला ध्वनी स्वच्छ 'क्स' राहतो. 'एग्झेक्युटिव्ह' म्हणताना आघात पुढे सरकतो आणि तोच ध्वनी 'ग्झ' होतो. हा बदल फार नंतरचा, इंग्रजीचा स्वतःचा आहे, पण यंत्रणा तशीच आहे. आघाताचे अक्षर जोरात सुटते, श्वास मोकळा वाहतो आणि त्याच्या मागोमाग येणारा घर्षक अघोष राहतो. आघात नसेल तर स्वरतंतूंचा कंप एका स्वरापासून पुढच्या स्वरापर्यंत अखंड चालू राहतो आणि मधला स त्या कंपात ओढला जातो.

आता क्रियापदाकडे परत येऊ, कारण खरी कमाल तिथे आहे. जर्मानिक सबल भूतकाळ हा मुळात आपला लिट् लकार, परोक्ष भूतकाळ. आणि लिट् मध्ये आघात एका जागी राहत नाही. एकवचनात तो धातूवर असतो, अनेकवचनात प्रत्ययावर सरकतो. च॒कार॑, त्याने केले, इथे का उदात्त आहे. च॒क्रुः, त्यांनी केले, इथे क्रुः उदात्त आहे. आघात सरकल्याने धातूचा स्वरही आक्रसतो, चकार मधला आ चक्रुः मध्ये उरत नाही. वस् चा लिट् उवास, ऊषतुः, ऊषुः. आता हे जर्मानिकवर लावा. एकवचनात आघात धातूवर, तो स च्या लगेच आधी, म्हणून स टिकला: वॅस, म्हणजे आजचा 'वॉज'. अनेकवचनात आघात प्रत्ययावर, स च्या आधीचे अक्षर आघातहीन, म्हणून स चा झ आणि झ चा र: वॅरोन, म्हणजे आजचा 'वेअर'. उवास आणि ऊषुः यांच्यातला आघाताचा फरक ज्या जागी होता, नेमक्या त्याच जागी 'वॉज' आणि 'वेअर' यांच्यातला स आणि र उभे आहेत.

चेओसन बद्दलही हेच. तो संस्कृत जुष् धातू, आवडीने स्वीकारणे. गीतेत श्रीकृष्ण अर्जुनाला 'अनार्यजुष्टम्' म्हणतो, त्यातला जुष्ट याच धातूचा. जोषति मध्ये आघात धातूवर, म्हणून चेओसन मध्ये स. भूतकालवाचक धातुसाधिताचे त आणि न हे प्रत्यय संस्कृतात स्वतः उदात्त असतात, म्हणून कोरेन मध्ये र. प्रयोजक क्रियापदांत आघात अय या प्रत्ययावर असतो, बोधयति, वर्धयति. म्हणून 'राइझ' मध्ये स टिकला आणि त्याच धातूचे प्रयोजक रूप 'रिअर', वाढवणे, उभे करणे, र घेऊन आले. हे रूप जुन्या इंग्रजीत 'रॅरन' असे होते. 'रेझ' हा मात्र त्याच अर्थाचा नॉर्स, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियाच्या जुन्या, भाषेतून उसना आलेला शब्द आहे. नॉर्समध्ये तिथे स सावरून घेतला गेला होता.

'इफ आय वेअर' बद्दल इथेच लिहायला हवे, कारण त्याचे चुकीचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. एकवचनी 'आय' ला अनेकवचनी 'वेअर' लावले आहे असे सांगितले जाते. तसे नाही. ते विध्यर्थाचे रूप आहे, जुन्या इंग्रजीत 'वॅरे'. वैदिक भाषेत लिट् च्या अंगालाही विध्यर्थाचा या लागतो आणि उदात्त त्या या वर असतो, जसे ववृत्यात्. धातूवर आघात नाही, म्हणून र. भूतकाळाचे अनेकवचन आणि विध्यर्थ या दोघांत र आहे तो दोन वेगवेगळ्या प्रत्ययांनी आघात ओढून घेतल्यामुळे. नंतर शेवटची अक्षरे गळली आणि दोन्ही रूपे 'वेअर' या एकाच सांगाड्यावर येऊन मिळाली.

हे सगळे स्वतः पडताळून पाहताना काही ठिकाणी पाय हमखास घसरतो. पहिले, आजच्या स्पेलिंगवर विसंबू नये. आज 'फादर' आणि 'ब्रदर' दोन्हींत सारखाच घर्षक ध्वनी आहे, त्यामुळे नियमच खोटा वाटतो. पण इंग्रजी कवी चॉसर चौदाव्या शतकात 'फाडेर', 'मोडेर' असेच लिहीत होता. ड चा घर्षक पंधराव्या-सोळाव्या शतकात झाला, 'वेदर', 'गॅदर', 'टुगेदर' यांच्यातही. दुसरे, 'वॉज'च्या शेवटी आज झ ऐकू येतो तो व्हेर्नरचा झ नव्हे. व्हेर्नरचा झ केव्हाच र होऊन गेला. आजचा झ 'इज', 'हॅज', 'वॉज' अशा आघातहीन छोट्या शब्दांत फार उशिरा आलेला आहे. तसेच 'चूज'मधला झ दोन स्वरांमधल्या स मुळे, जुन्या इंग्रजीच्या आपल्या नियमाने आला. तिसरे, स्त, स्प, स्क आणि ह्त, फ्त ही जोडव्यंजने नियमाबाहेर राहतात. स च्या पाठीला अघोष व्यंजन असेल तर तो घोष होत नाही, आघात कुठेही असो. म्हणून स्वसृ चे 'सिस्टर' इथे पुरावा म्हणून उपयोगी नाही. चौथे, आणि हे संस्कृत जाणणाऱ्यांसाठी: वैदिक क्रियापदाचा आघात पाहायचा तर वाक्य बघून पाहावा. मुख्य वाक्यात, चरणाच्या आरंभी नसेल तर, क्रियापद सर्वानुदात्त होते, म्हणजे त्याच्या एकाही अक्षरावर उदात्त राहत नाही, 'तिङ्ङतिङः' (८.१.२८). यद् ने सुरू झालेल्या गौण वाक्यात किंवा चरणाच्या सुरुवातीला आलेले रूप शोधले तरच खरा उदात्त दिसतो.

ज्या पाठशाळांत आजही संहिता, पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी ऋग्वेद म्हटला जातो, त्यांच्याबद्दल या संदर्भात मनापासून आदर वाटतो. महाराष्ट्रातली आणि कोकणातली ऋग्वेदी घराणी शाकल शाखेचीच. उदात्त बोलण्यातून गेला, अभिजात संस्कृतातून गेला, प्राकृतांतून तर कधीच गेला होता. पाठांतराच्या शिस्तीने तो धरून ठेवला नसता तर व्हेर्नरला पितृ आणि भ्रातृ यांच्यातला फरक दाखवणारा इतका नेमका साक्षीदार मिळाला नसता. ग्रीकचा आघात मदतीला होता, पण तो ठिकठिकाणी हललेला आहे. 'आई' या शब्दात ग्रीकने आघात पहिल्या अक्षरावर आणला, आणि जुन्या इंग्रजीचा 'मोडोर' संस्कृतच्या बाजूने साक्ष देतो.

भावंड भाषांनी हा स आणि र चा वारसा आपापल्या परीने आवरला. भाषेला एका क्रियापदात दोन व्यंजने सांभाळण्याचा कंटाळा येतो आणि ती एकाची बाजू घेते. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेने स घेतला: 'वास, वेसून'. गॉथ लोकांचा बिशप वुल्फिला याचे गॉथिक बायबल भाषांतर चौथ्या शतकातले, जर्मानिकमधला सर्वांत जुना मोठा ग्रंथ, पण या बाबतीत तो जुन्या इंग्रजीपेक्षा नवा निघतो. सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे सर्वांत जुने रूप, असे समजणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. नॉर्सने र घेतला: आधी 'वास', नंतर 'वार', आणि आज आइसलँडिकमध्ये व स्वीडिशमध्ये 'वार'. जर्मनमध्ये मध्ययुगात 'वास' आणि 'वारेन' होते, आता 'वार, वारेन', पण धातुसाधित 'गेवेझेन' मध्ये स चा माग शिल्लक आहे. डचने 'वास, वारेन' ही जुनी जोडी इंग्रजीसारखीच जपली, शिवाय 'व्ह्रीझेन, व्ह्रोर, खेव्ह्रोरेन', गोठणे, हेही. तिथे मूळ रूपात झ आणि भूतकाळात र आजही जिवंत आहे.

इंग्रजीने 'चूज, चोज, चोझन' आणि 'फ्रीझ, फ्रोझ, फ्रोझन' असे सगळीकडे स च्या बाजूचे रूप चालवले. चेओसनची अडचण तर दुहेरी होती: ए च्या आधी च, उ आणि ओ च्या आधी क. 'चेओसन' आणि 'कुरोन' एकाच क्रियापदाची रूपे आहेत हे कानाला पटावे तरी कसे! हरवलेल्या रांगेतले 'फोरलोरेन' हे धातुसाधित मात्र 'फॉरलॉर्न' म्हणून विशेषण होऊन तगले, आणि मिल्टनने सतराव्या शतकात गोठलेल्यासाठी 'फ्रोर' वापरला तो कवितेतच शोभला. 'वॉज' आणि 'वेअर' वाचले ते वापरामुळे. दर दोन-चार वाक्यांनी तोंडात येणारे रूप मूल नियमाने घडवत नाही, जसेच्या तसे ऐकून उचलते.

तरी त्यांच्यावरही ओढ चालूच आहे. अठराव्या शतकात एका माणसाशी बोलताना सुशिक्षितही 'यू वॉज' लिहीत. रॉबर्ट लोथने १७६२च्या व्याकरणात त्यावर कडक टीका केली, तर अमेरिकेत नोआ वेब्स्टरने त्याची बाजू घेतली. यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये आजही 'आय वेअर', 'ही वेअर' ऐकू येते. उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या ओक्राकोक बेटावर नकार आला की कर्ता कोणताही असो, 'वेअरंट'. आणि पूर्व इंग्लंडमधल्या फेन्स या सखल, पाणथळ प्रदेशात तर बोलणाऱ्यांनी दोघांची वाटणीच केली आहे. होकारार्थी वाक्यात सगळ्यांना 'वॉज', नकारार्थी वाक्यात सगळ्यांना 'वेअरंट': 'आय वॉज, वुई वॉज, आय वेअरंट, वुई वेअरंट'. जो फरक आधी आघाताचा होता, मग वचनाचा झाला, तो तिथे आता होकार-नकाराचा झाला आहे.